मागच्या चाकाची गुरगुर

कोणत्याही गॅरेजात अर्धा तास नुसते बसून पाहावे. गाडी घेऊन आलेला गृहस्थ कितीही शिकलेला, कितीही अबोल असो, मेस्त्रीने “आवाज कसा येतो?” असे विचारले की त्याला आपली विद्या आणि भीड दोन्ही बाजूला ठेवावी लागतात. तो ओठांचा चंबू करतो, गाल फुगवतो आणि ‘घूंऽऽ’ किंवा ‘खर्रर्र’ असा काहीतरी आवाज तोंडाने काढून दाखवतो. एका निवृत्त मुख्याध्यापकांना मी भर रस्त्यावर ‘चीं चीं चीं’ करताना ऐकले आहे. मेस्त्री मात्र गंभीरपणे मान हलवत होता. त्याच्या दृष्टीने ती रोग्याने सांगितलेली लक्षणेच होती.

अशा वेळी आपली मराठी फार उपयोगी पडते. आवाजाचे इतके शब्द तिच्याकडे आहेत की मेस्त्रीचे अर्धे काम तीच करून ठेवते. घरघर वेगळी, गुरगुर वेगळी. करकर, कुरकुर, किरकिर या तिघी बहिणी असल्या तरी जुळ्या नाहीत. खडखड म्हणजे काहीतरी सुटलेले, खुळखुळ म्हणजे आतल्या आत सैल झालेले, ठक् म्हणजे एकदाच बसलेला धक्का आणि टकटक म्हणजे तोच धक्का पुन्हा पुन्हा. लिहिणाऱ्या माणसाला हे शब्द वर्णनासाठी लागतात. गाडी दुरुस्त करणाऱ्याला ते निदानासाठी लागतात, आणि त्यांची निवड चुकली तर पैसे मोजावे लागतात. किती मोजावे लागतात, हे गेल्या हळदीच्या हंगामात मी जवळून पाहिले.

आमच्या हिंगोली जिल्ह्याविषयी दोन शब्द आधी सांगायला हवेत. १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झालेला हा जिल्हा. हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ आणि सेनगाव असे पाच तालुके. जिल्हा होण्याआधी मी या भागात बँकेच्या शाखेत होतो, तेव्हा शेतमाल बैलगाडीतून, ट्रॅक्टरमधून किंवा एखाद्या मॅटॅडोरमधून बाजाराला जाई. पुढे २००५ साली टाटांची ‘एस’ आली, तिला लोकांनी ‘छोटा हत्ती’ असे नावही देऊन टाकले, आणि त्याच्या आगेमागे दीड टन ओझे वाहणाऱ्या पिकअप गाड्या गावोगाव दिसू लागल्या. आज ‘एम.एच. ३८’ची पाटी लावलेली पिकअप ज्या गावात नाही असे गाव शोधावे लागेल. हळद, सोयाबीन, दूध, शेळ्या, लग्नाचे मंडप, पंढरीची वारी, कधी कधी दवाखान्यात न्यायचा रोगी, सारे तिच्याच पाठीवर. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आम्हा सर्वांना अभिमान आहे. पण ती हळद काढून, शिजवून, वाळवून, पॉलिश करून झाल्यावर हिंगोलीच्या बाजारात पोचवते ती ही पिकअप, आणि ती बहुतेक वेळा दुसऱ्या हातची असते.

वसमत तालुक्यातल्या माझ्या एका जुन्या शेतकरी मित्राच्या मुलाने अशीच आठ वर्षे वापरलेली गाडी घेतली. किंमत तीन लाख दहा हजार. निम्मे पैसे घरचे, निम्मे पतसंस्थेचे. घरची हळद तर न्यायचीच, शिवाय भावकीची आणि शेजारपाजारची पोती भाड्याने न्यायची, असा हिशेब. तीन महिने हिशेब बरोबर चालला. मग गाडीच्या मागच्या बाजूने आवाज यायला लागला. चाळिसाच्या पुढे काटा गेला की सुरू व्हायचा आणि साठाला इतका वाढायचा की शेजारी बसलेल्याशी ओरडून बोलावे लागे.

पहिल्या गॅरेजात सांगण्यात आले, “क्राऊन-पिनियन गेलं. सगळं डिफरन्शियल बदलावं लागेल. बेचाळीस हजार.” टायरवाल्याने निदान केले, “टायर उठलेत. चारी बदला.” तिसऱ्याने सल्ला दिला, “हाय तशी चालवा आणि हंगाम संपला की विकून टाका.” तिन्ही सल्ले आत्मविश्वासाने दिलेले होते. मुलगा माझ्याकडे आला तो गाडीबद्दल विचारायला आलाच नव्हता. त्याच्या हातात रुमालात बांधलेल्या आईच्या पाटल्या होत्या.

“काका, सोन्यावर सध्या काय व्याज लावू लालेत बँकवाले?”

बँकेत पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाची एक खोड जात नाही. कर्ज किती, याच्या आधी कर्ज कशासाठी, हे तो विचारतो. मी विचारले, तेव्हा वरची हकिकत कळली. तिघांनी तीन रोग सांगितले होते, आणि त्यातल्या सर्वांत महागड्या रोगाला औषध म्हणून आईच्या पाटल्या निघाल्या होत्या. मी म्हटले, “पाटल्या घरी ठेव. आधी आजार कोणता ते ठरवू, मग औषधाचे पैसे पाहू.”

माझ्या माहितीत एक मेस्त्री आहेत. वय सत्तरीच्या आसपास. तीस वर्षे एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये काढली, आता रस्त्याकडेला पत्र्याच्या शेडमध्ये मर्जीने काम करतात. आम्ही गाडी घेऊन गेलो, तेव्हा मुलाची आईही सोबत होती, कारण तिला तिथून पुढे औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला जायचे होते. मेस्त्रींनी गाडीला हातच लावला नाही. खाटेवर बसून त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. आवाज कधीपासून? रिकाम्या गाडीत येतो की भरलेल्या? सकाळी थंड असताना येतो की तापल्यावर? अ‍ॅक्सिलरेटर सोडला की कमी होतो का? ब्रेक दाबला की बदलतो का? वळणावर काय होते?

शेवटच्या प्रश्नावर मुलगा गप्प झाला. चालवणाऱ्याचे लक्ष वळणावर रस्त्याकडे असते. उत्तर त्याच्या आईने दिले.

“उजवीकडं वळलं की लई गुरगुरतंय, भाऊजी. डावीकडं वळलं की गप. जात्यात खडा आल्यावानी आवाज हाय बघा.”

मेस्त्री खाटेवरून उठले. “वहिनी, तुमी माझं निम्मं काम केलं,” ते म्हणाले.

त्या बाईने काय सांगितले होते ते समजण्यासाठी गाडीच्या पोटाखाली थोडे डोकावले पाहिजे. बैलगाडीत आस जागच्या जागी स्थिर असतो आणि दोन्ही चाके त्याच्या टोकांवर आपापली मोकळी फिरतात. बैल गाडी ओढतात, चाकांना कोणी फिरवत नाही. मोटारीत उलटे आहे. इथे इंजिन चाकांनाच फिरवते. इंजिनापासून एक लांब दांडा मागे येतो आणि त्याच्या टोकाला पिनियन नावाचे लहान दातेरी चाक असते. ते क्राऊन नावाच्या मोठ्या दातेरी चाकाला फिरवते. पिनियनचे चारेक फेरे झाले की क्राऊनचा, आणि सरळ रस्त्यावर मागच्या चाकांचाही, एक फेरा होतो. पण वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते आणि आतल्याला कमी. खळ्यावर तिवड्याभोवती फिरणारी बैलांची पात ज्यांनी पाहिली असेल त्यांना हे सांगायला नको. खांबाजवळचा बैल जागच्या जागी पावले टाकतो आणि कडेच्या बैलाला पळावे लागते. दोघांना एकाच गतीने चालवले तर पात मोडेल. मोटारीतल्या या दोन बैलांना एकाच इंजिनाची ताकद देऊनही वेगवेगळ्या गतीने चालू देणारी युक्ती म्हणजे डिफरन्शियल. ओनेसिफोर पेकर नावाच्या फ्रेंच घड्याळजीने १८२७ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी ती योजली. पिकअपच्या मागच्या आसाच्या मधोमध जो लोखंडी गोळा दिसतो, त्यात ही सारी मंडळी तेलात बुडून बसलेली असतात.

आता या आसावर आवाज करू शकणारे निदान सहा जण तरी आहेत, आणि प्रत्येकाची भाषा वेगळी आहे. क्राऊन-पिनियनचे दात झिजले किंवा त्यांची बैठक बिघडली तर आवाज गुरगुरीचा नसतो, तो लांबच लांब ‘घूंऽऽ’ असा सूर असतो, आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबताना वेगळा, सोडताना वेगळा असतो, कारण दाबताना दातांची एक बाजू ओझे घेते आणि सोडल्यावर दुसरी. डिफरन्शियलच्या पोटातली लहान दातेरी चाके फक्त वळणावर बोलतात, कारण सरळ रस्त्यावर त्यांना कामच नसते. दांड्याच्या जोडावरचा क्रॉस ढिला झाला तर गाडी सुटताना किंवा रिव्हर्स घेताना ‘ठक्’ होते, आणि त्यातले ग्रीस सुकले तर हळू चालताना ‘चीं चीं’ ऐकू येते. टायर उठला असेल तर भणभण होते आणि रस्ता बदलला की ती बदलते. ब्रेकचा आवाज ब्रेक दाबल्यावर बदलतो. आणि चाकातले बेअरिंग गेले असेल तर गुरगुर येते, ती वेगाबरोबर वाढते, इंजिनाशी तिचे देणेघेणे नसते, आणि वळणावर त्या चाकावर भार आला की वाढते. गाडी उजवीकडे वळते तेव्हा भार डावीकडे झुकतो. म्हणजे ‘उजवीकडं वळलं की गुरगुरतंय’ या चार शब्दांत बोट डाव्या मागच्या चाकाकडे दाखवले गेले होते.

पण मेस्त्री एका साक्षीवर निकाल देणारे नव्हते. औंढ्याच्या रस्त्याला आम्ही गाडी काढली. रेडिओ बंद, काचा खाली. रस्ता मोकळा पाहून पन्नासाच्या वेगाला त्यांनी गाडी न्यूट्रल केली, इंजिन मात्र बंद केले नाही, कारण इंजिन बंद केले की ब्रेक जड होतो. इंजिनाचा आवाज खाली बसला आणि गुरगुर होती तशीच राहिली. म्हणजे इंजिन, क्लच सुटले. मग चढावर जोर देऊन पाहिले, उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडून पाहिले, गुरगुर बदलली नाही. क्राऊन-पिनियनवरचा संशय जवळजवळ गेला. डांबरावरून गाडी एका गावातल्या सिमेंटच्या रस्त्यावर घेतली, तरी आवाज तोच. टायरही सुटले. ब्रेक हलकेच दाबला, फरक नाही. शेवटी रुंद मोकळ्या जागी गाडी डावी-उजवी झुलवली. उजवीकडे गुरगुर, डावीकडे शांत. पुन्हा उजवीकडे, पुन्हा गुरगुर. मुलाचा चेहरा मी पाहत होतो. तीन महिने तोच आवाज ऐकत होता, पण ऐकण्याचीही एक रीत असते हे त्याला त्या दिवशी कळत होते.

ज्या रस्त्यावर आम्ही हे करीत होतो, त्याच औंढा तालुक्यात दुधाळ्याच्या परिसरात ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा व्हायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. एकमेकींना काटकोनात असलेल्या चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या आणि त्यांतून धावणारा लेसर, असे तिचे ढोबळ रूप. दूर आकाशात कृष्णविवरे एकमेकांवर आदळली की अवकाशाला जी सूक्ष्म थरथर होते ती टिपायची, हे तिचे काम. अमेरिकेतल्या अशा दोन वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली थरथर टिपली. ती जेमतेम सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याइतकी टिकली होती आणि तिला इथवर यायला सुमारे १३० कोटी वर्षे लागली होती. त्या शास्त्रज्ञांपुढची अडचण आमच्या मेस्त्रींच्याच जातीची असते. भूकंपाची थरथर, दूरच्या समुद्राच्या लाटा, रस्त्यावरून जाणारा ट्रक, यंत्राची स्वतःची कुरकुर, हे सगळे एकेक करून वगळायचे आणि उरेल ते ऐकायचे. हजारो किलोमीटर अंतरावरच्या दोन ठिकाणी तोच संकेत जवळजवळ एकाच वेळी आला, म्हणून तो खरा मानला गेला. मेस्त्रींनीही बाईंची साक्ष आणि रस्त्यावरची परीक्षा या दोन्ही ठिकाणी तोच संकेत मिळाल्यावरच गाडी शेडकडे वळवली.

शेडमध्ये पुढच्या चाकांना दगड लावले, मागचा आस जॅकने उचलून खाली स्टँड दिले. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधी जाऊ नये, हे त्यांनी मुलाला दोनदा बजावले. मग त्यांनी एक हात कमानीच्या पाट्यावर ठेवला आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवले. उजवे चाक फिरवताना पाट्यावरचा हात स्थिर होता. डावे फिरवले आणि त्यांनी माझा हात धरून पाट्यावर ठेवला. बारीक किरकिर हाडापर्यंत जाणवली. मग लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक हबला टेकवून मूठ कानाशी लावली. १८१६ साली पॅरिसच्या लाएनेक या डॉक्टरने कागदाची सुरळी रोग्याच्या छातीला लावून स्टेथोस्कोपची सुरुवात केली होती, त्याचेच हे रस्त्याकडेचे भावंड.

“मग पहिल्या गॅरेजवाल्याला मधून आवाज आल्यासारखा का वाटला?” मी विचारले.

“सायेब, लोखंडाला कान नसतो, पण ते आवाज लई लांब नेतंय. चाकाचा आवाज हौसिंगमधून गोळ्यापर्यंत जातंय, वर रिकामा हौदा नगाऱ्यावानी वाजतंय. वाजतंय कुठं आन् दुखतंय कुठं, ह्यात फरक राहतंय.”

चाक उघडले. बेअरिंगच्या रोलरवर देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडले होते. पण मेस्त्रींचे समाधान तेवढ्यावर झाले नाही. बेअरिंग आपोआप मरत नाही, ते का मेले हे त्यांना पाहायचे होते. ब्रेकच्या ड्रममध्ये आतून तेल आले होते. ऑईल सील गळत होते. सील का गळले? आसाच्या वर हवेसाठी एक बारीक भोक ठेवलेले असते, त्याला ब्रीदर म्हणतात. काळ्या मातीच्या चिखलाने ते गच्च बुजले होते. गाडी चालली की आतले तेल तापते, हवा फुगते, तिला वर वाट मिळाली नाही की ती तेलाला सीलमधून बाहेर ढकलते. ते तेल हबमध्ये शिरून बेअरिंगचे ग्रीस धुऊन काढते, पुढे ब्रेकच्या लायनरवर जाते आणि इकडे गोळ्यातले तेल कमी होत राहते. तेलाने माखलेला ब्रेक भरल्या गाडीत लागेल की नाही याची खात्री नसते. ‘हंगाम संपेपर्यंत चालवा’ हा सल्ला त्याने मानला असता तर काय झाले असते, ते कोणी बोलले नाही. मुलाची आई ड्रमकडे बराच वेळ पाहत राहिली.

गोळ्यातले तेलही मेस्त्रींनी भांड्यात काढले. बोटांत चोळले, हुंगले, उन्हात धरले. करडा बारीक लगदा चुंबकाला चिकटला तर ती नेहमीची झीज, पण टोचणारे तुकडे निघाले तर दात मोडलेत असे समजावे. तेल दुधाळ चहासारखे दिसले तर नाल्यातून जाताना पाणी शिरले आहे. आणि तेलात लाकडाचा भुसा सापडला तर गाडी विकणाऱ्याने तुम्हाला फसवले आहे. झिजलेल्या दातांचा आवाज काही दिवस दाबण्यासाठी ही जुनी युक्ती जगभर केली जाते. या तेलात यांपैकी काही नव्हते. झाकण उघडून क्राऊनचे दात पाहिले, ते चांगले होते. बेअरिंग, सील, तेल, ब्रेकचे लायनर आणि मजुरी मिळून खर्च आला पाच हजार आठशे. बेचाळीस हजार वाचले असे मी म्हणणार नाही, पण डिफरन्शियल बदलूनही गुरगुर गेली नसती, एवढे नक्की.

खरा वाद त्यानंतर झाला. मेस्त्रींनी मुलाला विचारले, “पोती किती भरतोस, लेकरा?”

“चाळीस. कधी पंचेचाळीस.”

पन्नास किलोचे पोते धरले तर पंचेचाळीस पोती म्हणजे सव्वादोन टन. गाडी दीड टनाची. मुलाचे म्हणणेही खोटे नव्हते. भाडे पोत्यामागे ठरते, डिझेल खेपेमागे जळते. तो तीस नेतो म्हणाला की व्यापारी शेजारच्या गाडीला बोलावतो. ‘सगळेच नेतात’ हे वाक्य मी कर्जदारांच्या तोंडून असंख्य वेळा ऐकले आहे, आणि बहुतेक वेळा ते खरेच असते.

पण बेअरिंगला बाजारभाव कळत नाही. सेंट लुईसच्या हेन्री टिमकेन या घोडागाड्या बनवणाऱ्या कारागिराने १८९८ साली तिरप्या रोलरच्या बेअरिंगचे पेटंट घेतले, तेव्हा वळणावर भरल्या गाडीच्या चाकाला बाजूने बसणारा रेटा सहन व्हावा, हाच उद्देश होता. पुढे स्वीडनच्या आर्विड पामग्रेन यांनी बेअरिंग किती काळ टिकते याचा नियम बसवला. तो साधा आणि निष्ठुर आहे. रोलर बेअरिंगवरचा भार दीडपट केला तर आयुष्य निम्मे होत नाही, चौथ्या हिश्श्यावर येते. दुप्पट केला तर दहाव्या हिश्श्यावर. त्यातून डावे चाक रस्त्याच्या कडेने चालणारे, साइडपट्टीचे खड्डे त्याच्या वाट्याला, आणि रस्त्याचा उतारही त्याच बाजूला.

बँकेत आम्ही घसारा दरवर्षी ठरावीक टक्क्यांनी मांडत असू. वहीत घसारा शिस्तीत चालतो. चाकात तो ओझ्याप्रमाणे उड्या मारतो. ही गोष्ट मी त्या मुलाला त्याच्याच वहीवर करून दाखवली. वाढीव पंधरा पोत्यांचे खेपेचे भाडे एका बाजूला लिहिले. दुसऱ्या बाजूला बेअरिंग, टायर, पाटे, गाडी शेडमध्ये उभी असलेले दिवस आणि त्या दिवसांत हातची गेलेली भाडी लिहिली. रस्त्यात अडवल्यावर होणारा दंडही लिहिला. विमा कंपनी जादा ओझ्यावरून उद्या काय म्हणेल, ते कोरे ठेवले. बेरीज त्याने स्वतः केली. वाढीव पोत्यांचा नफा शिल्लक राहिला, पण तो त्याला वाटत होता त्याच्या पाव हिश्श्याहून कमी निघाला. त्या पाव हिश्श्यासाठी ब्रेक न लागण्याचा धोका घ्यायचा का, हे त्याच्या आईने विचारले. मला ते विचारावे लागले नाही.

आता तो बत्तीस पोत्यांवर भरत नाही. एक व्यापारी त्याला सोडून गेला. दुसऱ्याने, माल वेळेवर पोचतो म्हणून, पोत्यामागे दोन रुपये वाढवून दिले. पतसंस्थेचे हप्ते चालू आहेत.

दुसऱ्या हातची गाडी घेण्याचा विचार ज्यांच्या घरात चालू असेल त्यांच्यासाठी, या सगळ्यातून निघणाऱ्या चार गोष्टी. गाडी थंड असताना पाहायला जावे आणि शक्य तर ओझे भरून चालवून पाहावी, कारण रिकामी गाडी पुष्कळ गोष्टी लपवते. मागच्या दोन्ही बाजूंचे टायर एकाच मापाचे आहेत का ते पाहावे, नसतील तर डिफरन्शियल सरळ रस्त्यावरही राबत असते. मागच्या चाकांच्या आतल्या बाजूला तेलाचा ओघळ आहे का ते वाकून पाहावे आणि गोळ्यातले थोडे तेल काढून पाहायला विकणाऱ्याची हरकत आहे का ते विचारावे. हरकत घेतली तर उत्तर मिळालेच. आणि बँकेच्या माणसाचा सल्ला म्हणून शेवटची गोष्ट, आर.सी.वर कोणाचा बोजा आहे का ते तपासावे, असेल तर तो उतरल्याचा ३५ नंबरचा फॉर्म आणि कर्ज देणाऱ्याचे ना-हरकत पत्र हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये.

आणखी एक गोष्ट मनात घोळते आहे. मेस्त्रींनी जे बिल केले त्यात सामानाचे पैसे होते, मजुरीचे होते. दोन तास प्रश्न विचारले, वीस किलोमीटर गाडी चालवून एकेक शक्यता बाद केली, त्याचा एक पैसाही त्यात नव्हता. मी विचारले तर म्हणाले, “ऐकायचे कोण पैसे देतंय, सायेब?” आपण सगळे असेच आहोत. नव्या सुट्या भागाचे पैसे आपण कुरकुर न करता देतो, कारण तो हातात धरता येतो. तो भाग बदलण्याची गरज नाही हे सांगणाऱ्याला मात्र चहा पाजून मोकळे होतो. मग ज्याचे पोट भागांच्या विक्रीवर चालते, तो भाग विकणारच. पहिल्या गॅरेजवाल्याला मी लबाड म्हणत नाही. नीट ऐकायला दोन तास लागतात आणि त्या दोन तासांचे पैसे त्याला कोणी देत नाही.

म्हणून त्या दिवशी मी आणि माझ्या मित्राच्या मुलाने मिळून एक प्रथा सुरू केली. बिलाच्या खाली त्याने आपल्या हाताने एक ओळ वाढवली, ‘निदान : रुपये पाचशे’, आणि ते पैसे वेगळे मोजून मेस्त्रींच्या पुढे ठेवले. मेस्त्रींनी बराच वेळ आढेवेढे घेतले आणि मग ठेवून घेतले. परवा त्यांच्या शेडवर गेलो तर पत्र्यावर खडूने लिहिलेले दिसले, ‘आवाज तपासणी ३०० रु. काम केले तर माफ.’ खाली दोन गाड्या उभ्या होत्या.